चौदाव्या पानावरची तिसरी व्यक्ती

"एकुलता एक हो माझा. मागे नाही, पुढे नाही."

बाईचा आवाज. थोडा घोगरा, लांबून चालत आल्यासारखा दमलेला. आबांनी तो पाच वर्षांचे असताना ऐकला होता आणि अडुसष्टाव्या वर्षीही तो त्यांच्या कानातून गेला नव्हता. तेव्हा ते अनाथ मुलांच्या संस्थेच्या आजारी खोलीत पडून होते. अंगभर गोवर, डोळ्यांवर ओलं फडकं. खोलीला लागून ऑफिस, मधे फळ्यांची भिंत. त्या फळ्यांच्या फटीतून तो आवाज आला, एकदाच आला. मग खुर्ची सरकली, मग दार लागलं, मग बराच वेळ कुणीतरी टेबल पुसत राहिलं.

पुढे आबा बाइंडर झाले. दुसऱ्यांची पुस्तकं, दुसऱ्यांची रजिस्टरं शिवताना ती ओळ आपसूक ओठांवर यायची. 'मागे नाही' म्हणताना सुई कागदात, 'पुढे नाही' म्हणताना सुई बाहेर. बायको होती तेव्हा विचारायची, "ही कुठली हो ओवी?" आबा म्हणायचे, "ऐकलेली." त्यापुढे त्यांनाही काही माहीत नव्हतं.

माहीत असण्यासारखं एकच माणूस होतं, ताई. तिला त्यांनी लहानपणी दहादा विचारलं, मोठेपणी दोनदा. दर वेळी उत्तर तेच.

"ताप होता तुला, धाकट्या. तापात माणसाला काय वाटेल ते ऐकू येतं."

तो ताप होता का ती बाई होती, एवढंच आबांना हवं होतं. एवढ्यासाठी तीन वर्षं अर्ज चालला होता.

अर्ज पहिल्यांदा परत आला तो 'जन्मनाव' हा रकाना रिकामा होता म्हणून. लेक वकील, तिने लिहून पाठवलं की जन्मनाव कळावं यासाठीच अर्ज केला आहे. संस्थेने उत्तर दिलं की जन्मनाव कळवल्यास जन्मनाव कळवण्याचा विचार करता येईल. दुसऱ्यांदा परत आला तो अर्जदार हाच अर्जदार असल्याचा पुरावा नाही म्हणून; जन्मापासून ओळखणाऱ्या दोन व्यक्तींच्या सह्या हव्या होत्या. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा कारणच नव्हतं. लेक म्हणाली, "ही प्रगती आहे."

आणि आज, रविवारी सकाळी साडेदहाला, फाइल आली. एकटी नाही आली. तिच्यासोबत एक बाई आल्या.

"मी आधार-सहायक," त्या म्हणाल्या. गळ्यात ओळखपत्र, एका हातात सीलबंद पाकीट, दुसऱ्या हातात कागदी रुमालांचं खोकं, खोक्यावर संस्थेचा शिक्का. "नियम एकवीस. फाइल उघडताना अर्जदाराला धक्का बसू शकतो, म्हणून मी."

"आणि नाही बसला तर?" आबांनी विचारलं.

"तर तसं लिहायचं." त्यांनी फॉर्म दाखवला. *रडू आले: होय / नाही / लागू नाही.*

आबांनी त्यांना खिडकीजवळची बरी खुर्ची दिली.

*

सूनबाईंनी आधार-सहायक बाईंकडे एकदा बघितलं आणि ओळखलं की बाई सकाळपासून उपाशी आहेत. औषधांच्या दुकानात वीस वर्षं काउंटरमागे उभं राहिल्यावर माणूस चिठ्ठी पुढे करायच्या आधीच त्याचं दुखणं दिसायला लागतं. तिने चहासोबत बिस्किटांची बशी ठेवली. बाईंनी "ड्यूटीवर घेता येत नाही" असं म्हणत तीन घेतली.

टेबलाच्या मधोमध आबांनी एक कव्हर मांडून ठेवलं होतं. निळं कापड, कोपऱ्यांना कातडं. तीन वर्षांपूर्वी, पहिला अर्ज गेला त्या आठवड्यात त्यांनी ते बनवलं होतं. पाठ चांगली चार बोटं रुंद. 'चौदा वर्षं होतो मी तिथे,' असा त्यांचा हिशोब, 'वर्षाला वीस पानं धरली तरी...' पाठीवर सोनेरी अक्षरांसाठी जागा सोडली होती. कोणतं नाव ठोकायचं ते फाइल आल्यावर बघू, म्हणाले होते.

पाकिटातून एकतीस पानं निघाली. कव्हरात ती ठेवली तेव्हा थोरल्या भावाचा सदरा धाकट्याला घातल्यासारखी दिसली. आबांनी पानांच्या कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या, तेवढंच.

आणि मग काळं दिसायला लागलं.

पानापानांवर काळ्या पट्ट्या. कुठे एक शब्द झाकलेला, कुठे आख्खा परिच्छेद. जे उघडं होतं ते खणखणीत उघडं होतं. वजन चौदा किलो. वजन साडेचौदा किलो. डोक्यात उवा, औषध लावले. स्वभाव हट्टी, जेवण सांडतो. क्रमांक दोनशे बारा रात्री रडतो, कारण नाही.

"कारण नाही!" लेक टेबलावर हात आपटून म्हणाली. "वहिनी, वाच हे. वाच जोरात."

"वाचलं मी," सून म्हणाली. "त्याच्याखाली अजून एक ओळ आहे, ती झाकलीय. कारण मिळालं असणार नंतर."

"मॅडम," साहेब आधार-सहायक बाईंकडे वळले. साहेब म्हणजे आबांचा मुलगा. पाणीपुरवठा खात्यात उपअधिकारी. घरात त्यांना सगळे साहेबच म्हणत, लहानपणापासून, कारण दुसरीत असताना त्यांनी बहिणीला बाहुली खेळायला देण्याआधी लेखी मागणी करायला लावली होती. "मॅडम, ह्या पट्ट्या कोणत्या नियमाखाली?"

"तिसऱ्या व्यक्तीची खाजगी माहिती," बाई म्हणाल्या.

"बरोबर," साहेब म्हणाले, आणि बहिणीने त्यांच्याकडे असं बघितलं की चहा थंड व्हावा.

तेराव्या पानाच्या आधी एक फोटो होता. चाळीस मुलगे, तीन रांगा, पांढरे सदरे, आणि चाळीसही चेहऱ्यांच्या डोळ्यांवर काळी पट्टी. खाली टीप: *यांपैकी अर्जदार कोण हे निश्चित न झाल्याने सर्वांची गोपनीयता राखण्यात आली आहे.*

आबांनी फोटो चष्म्याजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला.

"यात मी कुठला?" ते म्हणाले. विचारण्यासारखं कुणी नसताना विचारावं तसं म्हणाले.

आत्याबाई, म्हणजे आबांची ताई, संस्थेत त्यांच्याबरोबरच वाढलेली, आतापर्यंत टेबलाच्या टोकाला बसून वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या. फाइलकडे त्यांनी एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं. आता बघितलं. क्षणभरच.

"मागची रांग," त्या म्हणाल्या. "डावीकडून दुसरा. कान बघ."

सगळे कान बघायला लागले. दोनच कान होते तसे, वरच्या टोकाला किंचित दुमडलेले, पानाचा कोपरा खुणेसाठी मोडावा तसे. आबांचा हात नकळत स्वतःच्या कानाकडे गेला.

*पट्टी डोळ्यांवर घातली आणि कान विसरले,* सुनेच्या मनात आलं. *एवढी मोठी संस्था.* आणि मग तिला दुसरं काहीतरी दिसलं. आत्याबाईंच्या हातातली शेंग सोलून झाली होती, दाणे वाटीत पडले होते, आणि त्या रिकामं टरफल पुन्हा पुन्हा सोलत होत्या.

*

"हे चौदावं पान," लेक म्हणाली. "गप्प बसा सगळे. चौदावं पान."

साहेबांना हे पान पहिल्या नजरेत आवडलं. व्यवस्थित नोंद होती. वर तारीख, समासात क्रमांक, सुरुवातीला *भेट. एक स्त्री.* मग अकरा ओळी सलग काळ्या. शेवटी उघडे दोनच शब्द: *प्रकरण निकाली.* काळ्या पट्ट्यासुद्धा पट्टी लावून मारलेल्या, एक मिलिमीटर इकडेतिकडे नाही. त्यांच्या खात्यात असं काम करणारा एक माणूस नव्हता.

पण *एक स्त्री* या शब्दांवर आबांचं बोट टेकून राहिलं होतं. साहेबांनी समासाचं कौतुक तोंडातल्या तोंडात ठेवलं.

"समासात काय आहे?" लेकीने पान वहिनीकडे सरकवलं. "तुला वाचता येतं असलं अक्षर."

सुनेने पान तिरकं धरलं. डॉक्टरांची अक्षरं वाचून तिची नजर तयार झाली होती. "'तिसरी व्यक्ती: क्रमांक एकशे सत्त्याण्णव. संमती आवश्यक.'"

एकदम सगळे बोलायला लागले.

"एकशे सत्त्याण्णव!" लेक उठून उभी राहिली. "अगं एकशे सत्त्याण्णव म्हणजे आत्या!"

"तिसरी व्यक्ती इथे वाटाणे सोलतेय," साहेब म्हणाले, आणि स्वतःच हसले.

"आणि ती बाई?" आबा म्हणाले. "ती आलेली बाई? तिचं नाव?"

आधार-सहायक बाईंनी पत्रक उलटून बघितलं. "ती चौथी व्यक्ती. चौथ्या व्यक्तीची संमती तिला पत्र पाठवून मागवायची असते. पत्ता नवव्या पानावर."

नववं पान काढलं. पत्ता होता. त्यावर काळी पट्टी होती.

"पण तिसरी व्यक्ती पुरेल," बाई घाईघाईने म्हणाल्या. "म्हणजे या अकरा ओळींना पुरेल. संमतीपत्र पाकिटातच आहे. सही झाली की पंचेचाळीस कामाच्या दिवसांत पान मोकळं मिळतं."

साहेबांना आता राहवेना. पाहुण्यांसमोर ते एक गोष्ट नेहमी सांगत. प्रत्येक घरात अशी एक गोष्ट असते, आणि ती सांगणारा एक जण असतो.

"तुम्हाला माहीत आहे मॅडम, आमची आत्या आबांची बहीण नाहीच मुळी! संस्थेचा नियम होता, मुलगा चार वर्षांचा झाला की नदीपलीकडच्या इमारतीत. फक्त सख्खी भावंडं एकत्र. आबा तीन वर्षांचे, रडके, दिवसभर हिच्या फ्रॉकचं टोक धरून. ही आठ वर्षांची. सरळ ऑफिसात गेली आणि म्हणाली, 'हा माझा भाऊ.' कारकुनाने विचारलं, 'सख्खा?' ही म्हणाली, 'सख्खा.' त्याने लिहून टाकलं. झालं! आमचं अख्खं घराणं एका कारकुनाच्या आळसावर उभं आहे."

इथे लोक हसत. आधार-सहायक बाई हसल्या, मग फॉर्ममध्ये हसण्याचा रकाना आहे का ते बघायला लागल्या.

ही गोष्ट सुरू झाली की आत्याला नेहमी गॅसवर दूध ठेवल्याचं आठवे. आज मात्र ती उठली नाही. वाटाण्यांची वाटी तिने बाजूला सारली, हात पदराला पुसले आणि म्हणाली,

"मी सही करणार नाही."

*

लेकीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"आत्या, नुसती सही. इथे. फुली मारलीय तिथे."

"दिसतंय मला. डोळे शाबूत आहेत."

"अगं मग?"

"मग काही नाही. माझी संमती नाही."

तीन वर्षं. लेकीने या फाइलसाठी किती पत्रं लिहिली होती, किती वेळा त्या लांबलचक व्हरांड्यात बाकावर बसून राहिली होती, किती वेळा एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे आणि दुसरीतून जेवणाच्या सुट्टीकडे पाठवली गेली होती. कोर्टात ती याच वाक्यावर उभी राहायची: *ही फाइल संस्थेची नाही. ती संस्थेत ठेवली होती, जसे माझे वडील ठेवले होते. माणूस बाहेर आला, आता त्याचे कागद सोडा.* समोरचे वकील मान डोलावत आणि तारीख मागत. आणि आता सगळं अडवून बसली होती ती कोण, तर जिच्या कुशीत निजून ती अर्धं बालपण वाढली ती आत्या.

"आत्या, तू घाबरतेस का?" ती मऊ झाली. "खोटं बोललीस म्हणून? अगं पासष्ट वर्षं झाली. आठ वर्षांच्या मुलीवर कुणी केस नाही करत."

"मी घाबरत नाही."

"मग आबांना त्यांच्या आयुष्यातल्या अकरा ओळी का द्यायच्या नाहीत तुला?"

"हे बघ," साहेब मध्ये पडले, "तिसऱ्या व्यक्तीला हक्क असतात. त्यासाठीच तर..."

"दादा, तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी नियमाच्या..."

"तू आयुष्यभर नियमाच्या बाजूने आहेस. नियमाला तुझी गरज नाहीये, दादा. नियमाचं चांगलं चाललंय."

"आणि तुझं काय? माणसाच्या घरात घुसून तू त्याला सही करायला लावतेस, हा कुठला न्याय? संस्थेने हेच केलं ना, माणसाला न विचारता?"

हे साहेबांना स्वतःलाही इतकं बरोबर वाटलं की ते थक्क झाले.

लेकीने वहिनीकडे बघितलं. वहिनी आपल्या बाजूची असणार याबद्दल तिला शंका नव्हती. वहिनीचं आणि आत्याचं गेली बावीस वर्षं फोडणीत काय आधी घालायचं यावरून जमलेलं नव्हतं. पण वहिनी उठून आत्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली होती. हात खुर्चीच्या पाठीवर.

"सोड ना तो विषय," वहिनी हळूच म्हणाली. "जबरदस्तीने औषध पाजलं तर उलटून पडतं."

"वहिनी, तूसुद्धा?"

"मीसुद्धा काय? आत्याबाईंचं तोंड बघ जरा. कागद नंतर वाच."

आधार-सहायक बाईंनी घसा खाकरला. "वाद झाल्यास मध्यस्थीचा वेगळा अर्ज असतो."

कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी अजून एक बिस्किट घेतलं.

"पुरे झालं," आबा म्हणाले.

आबा सहसा आवाज चढवत नसत. आताही चढवला नाही, उलट खाली आणला, आणि म्हणून सगळ्यांनी ऐकलं. "ताईला नको तर नको. ती मला कडेवर घेऊन वाढली. हा कागद कधी वाढला माझ्यासोबत? अकरा ओळींनी माझं काय अडलंय?"

लेकीला रडू यायला लागलं. आधार-सहायक बाईंनी खोकं पुढे केलं आणि मग थबकल्या. अर्जदार रडत नव्हता, अर्जदाराची मुलगी रडत होती. तिला रुमाल देता येतो का?

"द्या हो," सून म्हणाली, "मी सांगणार नाही कुणाला."

*

आबांनी सुई ओवली.

काही सुचेनासं झालं की ते हेच करत. खिशातून मेणाचा तुकडा काढला, दोरा त्यावरून ओढला, पानं क्रमाने लावली. शिवण्याआधी प्रत्येक पान बघायचं ही चाळीस वर्षांची सवय. पान उलटं लागलं तर गिऱ्हाईक बाइंडरच्या नावाने शंख करतं. अकरा, बारा, फोटो. तेरा.

तेराव्यावर ते थांबले.

तेरावं पान आजारांचं होतं. पट्टी एकही नाही, कारण त्यावर दोनशे बारा सोडून कुणाचंच नाव नव्हतं. खोकला. पोटदुखी. गुडघा फुटला. आणि मग: *गोवर. अलग खोलीत ठेवले.* समोर तारीख.

आबांनी तेरावं पान डाव्या हातात धरलं, चौदावं उजव्या हातात. चष्मा सारखा केला. दोन्ही पानांवरची तारीख एकच होती.

आधी डोक्यात काही आलंच नाही. ओठांवर आलं. ते स्वतःशीच गुणगुणले, सुई हातात तशीच.

"एकुलता एक हो माझा... मागे नाही, पुढे नाही..."

टेबलाच्या टोकाला वाटाण्याची वाटी कलंडली. दाणे घरंगळत फरशीभर झाले. वेचायला कुणी वाकलं नाही.

"ताई," आबा म्हणाले. त्यांनी दोन्ही पानं तिच्यासमोर ठेवली, एकाशेजारी एक. अडुसष्ट वर्षांच्या माणसाचा आवाज नव्हता तो, आजारी खोलीतला होता. "एकच दिवस आहे गं. बघ. मला सही नको. संस्थेकडून काही नको. तू सांग फक्त. ताप होता ना तो?"

*

ताईने तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानावर हेडफोन, समोर भोकांची फळी, हातात दोऱ्या. इकडचा माणूस तिकडच्या माणसाशी जोडायचा. किती आयांना तिने मुलं जोडून दिली, किती भांडणं, किती बाळंतपणाच्या बातम्या, किती मरणाच्या. पहिल्या दिवशी मोठ्या बाईंनी शिकवलं होतं: ऐकू येईल ते येऊ द्यायचं, बोलायचं नाही. मुलींना वर्षभर जमत नसे. ताईला पहिल्या तासात जमलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "हिला आधीपासून येतंय."

तेहतीस वर्षांत तिचा एकही कॉल चुकीच्या माणसाला लागला नाही. निरोपसमारंभात असं भाषणात सांगितलं गेलं, टाळ्या झाल्या, आणि ती स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

आता तिच्यासमोर दोन पानं होती. एक उघडं, एक काळं. लोकांना वाटतं काळ्या पट्टीखाली काय असेल कोण जाणे. तिला त्या अकराही ओळी पाठ होत्या. कारकून लिहीत होता तेव्हा ती टेबलाच्या बाजूला उभी होती, आणि त्याने बोलता बोलता लिहिलं होतं, लिहिता लिहिता बोलला होता.

तिने संमतीपत्र उचललं. लेक पुढे झाली, पेन द्यायला.

"ठेव ते," ताई म्हणाली. "पंचेचाळीस दिवस कशाला? त्यांच्या कागदावरून कळायला नको त्याला."

तिने संमतीपत्राची घडी घातली, मग घडीची घडी. आधार-सहायक बाईंनी पेनाला टोपण लावलं. ते कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, कुठल्या नियमातही नव्हतं.

"ताप होता तुला, धाकट्या," ताई सवयीने म्हणाली, आणि थांबली. मग धाकट्याकडे बघितलं. "ताप होता. पण बाईही होती."

आबांच्या हातातली सुई टेबलावर पडली.

"मी दहा वर्षांची. ऑफिसचं टेबल पुसायची पाळी माझी होती त्या आठवड्यात. ती आली. पायात चपला नव्हत्या, हातात एक पिशवी. कारकुनाला म्हणाली, 'मी दोन वर्षं दवाखान्यात होते, छातीचं दुखणं होतं. दवाखान्याने माझं मूल इथे पाठवलं. आता मी बरी झाले.' दवाखान्याचा कागद होता तिच्याकडे. कारकुनाने रजिस्टर काढलं. तुझं नाव तोपर्यंत बदललेलं. पण वय जुळलं, आलास तो महिना जुळला. त्याने बोट ठेवलं दोनशे बारावर. मग समास बघितला. म्हणाला, 'याला तर बहीण आहे इथेच. तुम्हाला मुलगी होती?'"

"ताई..."

"बोलू दे, आता मध्ये बोललास तर राहून जाईल. ती म्हणाली, 'नाही हो. एकुलता एक हो माझा. मागे नाही, पुढे नाही.' तेच ऐकलंस तू. कारकून म्हणाला, 'मग हा तुमचा नव्हे.' ती म्हणाली, 'एकदा दाखवा तरी.' तो म्हणाला, 'गोवर आहे, दाखवता येत नाही.' ती हलेना. मग त्याने मला हाक मारली. 'काय गं, दोनशे बारा तुझा भाऊ ना?'"

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. साहेब भिंतीला टेकून उभे होते. त्यांची ती गोष्ट, लोकांना हसवायची गोष्ट, त्यांच्या चेहऱ्यावरून उतरून गेली होती.

"तू फळीपलीकडे होतास," ताई म्हणाली. "मी 'नाही' म्हटलं असतं तर तू गेला असतास तिच्याबरोबर. त्याच दिवशी. मला कुणी न्यायला येणार नव्हतं, धाकट्या. मला ते माहीत होतं. मी म्हणाले, 'हो. सख्खा.'"

"तुला काय कळत होतं गं," सून मागून म्हणाली, पहिल्यांदाच तिला एकेरी हाक मारत. "दहा वर्षांचं पोर. तुला काय माहीत ती खरंच त्याची आई म्हणून?"

ताईने मान हलवली. तिने हात पुढे केला आणि आबांच्या कानाचं वरचं टोक, ते जरासं दुमडलेलं, दोन बोटांत धरलं. तापात धरायची तसं.

"ती उठली. माझ्या डोक्यावर हात ठेवला तिने. म्हणाली, 'नशीबवान आहेस गं. सांभाळ हो भावाला.' आणि गेली. मी टेबल पुसत राहिले."

बोटं कानावरून निघाली नाहीत.

"तिच्या डोक्यावरचा पदर आधीच सरकला होता. कान दिसत होते तिचे. मी बघितले होते, धाकट्या. 'हो' म्हणायच्या आधी बघितले होते."